नायलॉनच्या दोरीचे माहात्म्य

तुळशीचे लग्न लागले की शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत सुपाऱ्यांचे फोन सुरू होतात. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई, टोकावडे, कुठल्याही गावात हळदीच्या रात्री कान द्यावा, दोन-चार मांडवांचे आवाज एकमेकांवर चढलेले ऐकू येतात. कुठे बेंजो पार्टी, कुठे ढोल-ताशा, कुठे डीजे, आणि ज्याची ऐपत बरी त्याच्या दारात तिन्ही. या थाटात एक वस्तू अशी आहे जिचे नाव पत्रिकेत छापत नाहीत आणि जिचा फोटो कोणी काढत नाही. ढोल गळ्यात अडकवायची नायलॉनची दोरी. हिरवी किंवा निळी, हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारी, करंगळीएवढीही जाड नसलेली. तिच्या गुणांची नोंद आजवर झाली नाही. ती व्हावी, असे मला मनापासून वाटते.

पहिला गुण तिची किंमत. लग्न काढायचे म्हटले की मंडप, स्टेज, कमान, जनरेटर, एलईडीचा पडदा, ड्रोनवाला, नवरदेवाची घोडी असा खर्च वाढतच जातो. एवढा खर्च करणाऱ्या घराने कुठेतरी हात आखडता घेतलाच पाहिजे, आणि तो कुठे घ्यावा याचे तारतम्य आपल्यापाशी आहे. ज्याच्या टोलावर सगळे वऱ्हाड नाचते, त्याच्या खांद्यावर आपण तो घेतो. तिथे घेतलेली काटकसर पाहुण्यांच्या नजरेत येत नाही. ढोलाला झालर असते, अंगावर चकचकीत जाकीट असते, डोक्याला फेटा असतो. दोरीचा वळ जाकिटाच्या आत राहतो.

दुसरा गुण समजायला शाळेतला भागाकार पुरेसा आहे. पत्र्याचा मोठा ढोल सहज दहा किलोंवर भरतो. हे दहा किलो आठ मिलिमीटरच्या दोरीने खांद्यावर टेकवले, तर तेच ओझे तीन इंची पट्ट्यावर टेकवण्याच्या मानाने चामडीवरचा दाब सुमारे नऊपट होतो. वजनात एका ग्रॅमचीही वाढ न करता नऊपट परिणाम साधणारे दुसरे साधन आपल्या बाजारात मिळणे कठीण. शिवाय दोरी मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या खळगीत बरोबर बसते. हाताला जाणाऱ्या नसा तिथूनच उतरतात. त्यावर तास-दोन तास ओझे राहिले की बोटांना मुंग्या येतात, हात जड होतो, टिपरी सुटते. जड पाठपिशव्या वाहणाऱ्या सैनिकांत आणि गिर्यारोहकांत डॉक्टरांनी हा विकार पाहिला, त्याला नाव दिले, आणि पाठपिशव्यांना गाद्या व कंबरपट्टे आले. आपल्याकडे पोरगा हात झटकतो, दोरी दुसऱ्या खांद्यावर घेतो आणि ठेका पुढे चालू राहतो. दोरीला दोन खांदे मिळालेले आहेत, त्यांचा ती पुरेपूर वापर करते.

आता कोणी म्हणेल, रुंद पट्टा आपल्याकडे मिळत नसेल, लोकांना ठाऊक नसेल. हा आपल्या तालुक्यांवर अन्याय होईल. सुपारीला निघालेला टेम्पो पाहावा. डीजेचे बॉक्स एकावर एक रचलेले असतात आणि त्यांना आवळलेले असतात दोन इंच रुंद पट्टे, कडीने ताणून घट्ट केलेले. कोपऱ्यांखाली जुनी गोधडी किंवा फोमचा तुकडा, कारण दोरीने बॉक्सचा रंग निघतो हे मालकाला पक्के माहीत असते. वरून ताडपत्री, दव पडू नये म्हणून. हे सगळे नीट लागले की उरलेल्या जागेत वाजवणारी पोरे चढतात, ढोल मांडीवर घेऊन. त्यांना पट्टा नसतो, ताडपत्री नसते. माळशेजच्या रस्त्यावर पहाटे तीनला परतताना टेम्पोच्या कडेला धरायला एक गज असतो. रुंद पट्टा कोणाला आणि दोरी कोणाला, हा विवेक टेम्पो सुटण्यापूर्वीच पूर्ण झालेला असतो. बॉक्स भाड्याचा असतो, त्याचे नुकसान भरून द्यावे लागते.

ओझ्याच्या बाबतीत आपला कायदाही सुस्पष्ट आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवणारे केंद्राचे नियम १९६५ सालचे. गाढवावर ५० किलोंपेक्षा जास्त लादू नये, तट्टावर ७० किलोंपेक्षा जास्त नाही. दिवसात नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक नाही. आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर कामाला जुंपूच नये. एप्रिल-मे महिन्यांत मुरबाडला पारा ३७ च्या पुढे जाणे नवलाचे नाही, आणि साडेबाराच्या मुहूर्ताची वरात साडेअकराला मारुतीच्या देवळापासून निघते. वरातीत नवरदेवाची घोडी असेल तर तिच्या मालकाला या नियमांची आठवण करून देता येते. तिच्या चार पावले पुढे ढोल घेऊन चालणाऱ्याला एकही नियम आडवा येत नाही. डांबर तापलेले, पत्रा तापलेला, चेहऱ्यावर घाम, आणि वरात पुढे सरकायला तयार नाही, कारण नवरदेवाच्या मित्रांना त्याच चौकात आणखी एकदा नाचायचे आहे.

शाळेच्या दप्तराचेही तसेच. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नसावे, असे केंद्राचे २०२० चे दप्तर धोरण सांगते. पन्नास किलोंच्या मुलाला पाच किलो. त्याच मुलाने दहावीनंतर शाळा सोडली, घरी हातभार लावायला पार्टीत नाव घातले आणि दहा-बारा किलोंचा ढोल गळ्यात घेतला, की धोरणाची हद्द संपते. त्याच्या वयात काही महिन्यांचाच फरक पडलेला असतो. आपण मात्र त्याला मोठा झालेला मानतो, आणि हा सन्मान त्याला दुसऱ्या कुठल्याही व्यवसायाने इतक्या लवकर दिला नसता.

ओझे वाहणे या मुलुखाला नवे नाही, हे मान्य केले पाहिजे. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यातच. मुंबईच्या नळांना पाणी इथून जाते आणि चैत्र-वैशाखात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्याबद्दल एक गोष्ट मात्र नजरेआड करून चालणार नाही. हंडा उचलण्याआधी ती जुन्या लुगड्याच्या धडप्याचा पीळ देते, त्याची चुंबळ करते, डोक्यावर ठेवते आणि मगच ओझे घेते. पैसा लागत नाही, दुकान लागत नाही. म्हणजे ओझे आणि हाड यांच्या मध्ये काहीतरी मऊ असावे, हे शहाणपण गावात घरोघर आहे. तिकडे माळशेज चढून जुन्नरच्या अंगाला गेले की पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, गरम पाण्याने शेकतात, हात जोडतात. बाईच्या डोक्याचे आणि बैलाच्या खांद्याचे इतके शहाणपण भोवती असताना ढोलकऱ्यापर्यंत ते पोचू न देणे हे आपोआप घडत नाही. त्याला सगळ्या गावाची साथ लागते.

पूर्वीची माणसे याबाबत कच्ची होती. गोंधळ्याचा संबळ पाहा: जोडवाद्य कमरेशी बांधलेले, भार कंबरेवर, दोन्ही हात मोकळे, रात्रभर गोंधळ घालूनही खांदा शाबूत. हलगी काखेखाली, हलकी, छातीशी टेकलेली. दिंडीतला पखवाजी रुंद पट्टा किंवा उपरणे गळ्यात घेतो आणि आळंदी ते पंढरपूर वाजवत चालतो. वारल्यांचा तारपा दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचा. हातात धरून रात्रभर नाचाच्या मधोमध फिरावा इतका हलका. या सगळ्यांनी वाद्य करताना वाजवणाऱ्याचे अंग मोजले होते. पुण्याची ढोलपथकेही अजून त्या जुन्या वळणावर आहेत, ढोल कमरेला बांधतात आणि बोटांना पट्ट्या गुंडाळतात. पथकातली मुले बहुधा हौसेने वाजवतात, दुसऱ्या दिवशी ऑफिसला किंवा कॉलेजला जातात. आमची पोरे दुसऱ्या दिवशी भिवंडीच्या गोदामात किंवा वीटभट्टीवर जातात. तिथेही ओझेच उचलायचे असते, त्यामुळे एका खांद्याची सवय मोडू न देणे हे एका अर्थी त्यांच्याच हिताचे ठरते.

नव्याचे आपल्याला वावडे आहे, असा आरोप कोणी करू नये. जपानमधल्या नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तारांवर कळा बसवून ताइशोगोतो केला. तो फिरत फिरत हिंदुस्थानात आला, बुलबुलतरंग झाला आणि आमच्या गल्लीत बेंजो म्हणून असा रुजला की आज तो परका आहे हे कोणाला सांगून पटत नाही. रोलंड कंपनीने १९८५ मध्ये ऑक्टापॅड काढला. तोही आमच्या हळदीत केव्हाच येऊन बसला. अमेरिकेत रेमो बेली यांनी १९५७ मध्ये कातड्याऐवजी पॉलिएस्टरच्या पडद्याची पाने बनवणारी कंपनी काढली, आणि आज ताशावर प्लॅस्टिकचे पान चढते, पावसात विस्तव पेटवून कातडे तापवत बसावे लागत नाही. लाकडाच्या खोडाजागी पत्रा आला, पत्र्याजागी स्टील आले. आवाज वाढवणारी किंवा चमक वाढवणारी कुठलीही वस्तू, जगाच्या कुठल्याही टोकाची असो, आपण हसत घरात घेतली. दोरीचीसुद्धा सुधारणा झाली: पूर्वी सुती दोर किंवा कापडाचा पदर असायचा, तो घाम प्यायचा आणि मऊ पडायचा. नायलॉन घाम पीत नाही आणि मऊही पडत नाही.

पाश्चात्त्य फौजांनीही एके काळी आपल्यासारखीच हुशारी केली होती. तिथला ढोल एका खांद्यावरच्या पट्ट्याला लटकायचा आणि डाव्या मांडीवर तिरपा पडायचा. तिरप्या पानावर काडी नीट पडावी म्हणून डाव्या हातात ती उताणी धरायची रीत पडली, आणि जॅझ वाजवणारे कितीतरी लोक आजही ती पकड वापरतात. पुढे मात्र त्यांचा धीर सुटला. दोन्ही खांद्यांवर आणि पोटावर भार वाटून देणारी धातूची हलकी चौकट त्यांनी केली, ढोल सपाट बसवला, वाजवणाऱ्याचा कणा सरळ ठेवला. कवायत करणाऱ्या तिथल्या शाळकरी मुलांनाही ती मिळते. ओझ्याने माणसाला वाकवावे की माणसाने ओझ्याला बसवावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले. आपण तो प्रश्न अजून निघूच दिलेला नाही.

ढोल निवडतानाही आपली कसोटी पक्की असते. पार्टीचा मालक दुकानात जातो तेव्हा तोंडाचा व्यास पाहतो, स्टीलची झळाळी पाहतो, हाताने एक टोल मारून काच हादरते का ते पाहतो. गळ्यात अडकवून शंभर पावले चालून पाहत नाही. ढोल पोटाशी किती उंचीवर येतो, कोपर काटकोनात राहते का, चालताना गुडघ्याला ठोकर बसते का, कड्या एका ठिकाणी आहेत की दोन, असली चौकशी करणारे गिऱ्हाईक दुकानदाराला विचित्रच वाटेल. फायबरचा किंवा ॲल्युमिनियमचा हलका ढोल पुढे केला तर तो हातात घेऊन बाजूला ठेवतात. ड्रोनमध्ये स्टील चांगले दिसते. ड्रोन तीस-चाळीस फुटांवरून पाहतो, आणि तेवढ्या उंचीवरून खांदे दिसत नाहीत.

कानांविषयीही दोन शब्द. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा धरावी आणि प्रत्येक तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा करावा, असा अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेचा हिशेब आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. ताशा वाजवणाऱ्याचे कान काडीपासून दोन हातांवर, मागे डीजेची भिंत, आणि वरात तीन तासांची. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहानंतर गावाची झोप सांभाळतात, ते योग्यच आहे. दहाच्या आत ताशेवाल्याचे कान कोणी सांभाळायचे, हे तिथे कोणी विचारत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे कानबोळे मिळतात, खिशात मावतात, ठेका त्यातूनही स्पष्ट ऐकू येतो. ते घातलेला पोरगा मात्र घाबरट दिसतो. तिशीत टीव्हीचा आवाज सारखा वाढवायला लागणारा माणूस घाबरट दिसत नाही.

पोरांचीही या बाबतीत आपल्याला साथ आहे, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. खांद्याखाली रुमाल घालणाऱ्याला पहिली हाक पार्टीतूनच येते: काय रे, नवरी आहेस काय? मग रुमाल खिशात जातो. विशी आहे तोवर अंग बोलत नाही. पस्तिशीत एक दिवस तो ढोल दुसऱ्याकडे देतो, झांज घेतो, मग झांजही देतो आणि टेम्पोत केबल गुंडाळायला बसतो. त्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, रात्री बोटे बधिर होतात. त्याच्या जागी तोवर सोळा वर्षांचा दुसरा आलेला असतो, हौशी, ठेक्याचा पक्का, आणि गावाला फरक कळत नाही. चांगला वाजवणारा तयार व्हायला पाच-सात वर्षे लागतात. आपण तो तयार होतो तेव्हा त्याला संपवत आणतो, आणि मग दर वर्षी म्हणतो की पूर्वीसारखे वाजवणारे राहिले नाहीत.

एका धोक्याची सूचना इथे दिली पाहिजे, कारण तो फार जवळ आहे. शहापूर किंवा मुरबाडच्या नाक्यावर गाड्यांची सीट कव्हरे शिवणारा कारागीर बसतो. त्याच्याकडे जाड रेक्झिन असते, मोटारसायकलच्या सीटचा फोम असतो, जाड सुईची मशीन असते. भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या गाड्यांचे सीटबेल्ट असतात, माणसाचे वजन झेलायला केलेले. या दोघांना एकत्र बसवले तर दुपारच्या जेवणाआधी तीन इंच रुंद, आतून फोम लावलेला, पाठीवर फुलीसारखा जाणारा, दोन्ही खांद्यांवर बसणारा पट्टा तयार होतो. त्याला कमरेशी एक आडवा पट्टा जोडला की काही भार कंबरही घेते. लांबी कमी-जास्त करायला बकल, ढोलाच्या दोन कड्यांत अडकवायला दोन हूक, म्हणजे घोडी बुजली किंवा कोणी अंगावर पडले तर ढोल झटक्यात सोडता येतो. हे इतके सोपे आहे की एखाद्या पार्टीच्या मालकाच्या हातून सहज घडून जाईल. आणि एकाने केले की शेजारच्या गावाची पार्टी मागेल. डीजेवाल्याने नवे लाइट आणले की महिन्याभरात सगळ्यांकडे येतात, हा आपला अनुभव आहे. पट्ट्याचे तसे झाले नाही, यामागे आपली जागरूकता आहे.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावची जत्रा भरते. बैलांचा बाजार प्रसिद्ध आहे. तिथे बैलासाठी झूल, गोंडे, घुंगरांच्या माळा, म्होरक्या मांडलेल्या असतात आणि शेतकरी हाताने चाचपून, कुठे काचणार नाही ना, हे पाहून घेतो. त्याच जत्रेला पोरे ढोल घेऊन जातात, वाजवतात, संध्याकाळी चहा पितात. कोणी त्यांच्या दोरीला हात लावून पाहत नाही, आणि पाहू नये. एकदा हात लावला की पुढचे प्रश्न निघतात.

म्हणून लग्नाच्या याद्या करताना काळजी घ्यावी. दोन्हीकडची जाणती माणसे ओट्यावर बसतात, कागदावर मानपान, कपडे, भांडी, जेवण असे एकेक उतरत जाते, आणि वाजंत्र्यांच्या ओळीत आकडा, विसार, येण्याची वेळ आणि फेट्यांचा रंग लिहिला जातो. त्या ओळीपुढे कागद कोराच असतो. चार पट्टे, वरातीसोबत पाण्याचा जार, तासाला खांदेपालट करायला दोन जादा माणसे, उन्हाची वरात दहाच्या आत, परतीला बसायची गाडी, एवढे तिथे सहज मावते, आणि ड्रोनवाल्याच्या एका फेरीच्या पैशांत बरेचसे बसते. तेव्हा त्या ओट्यावर ज्याने कधी ढोल वाजवला आहे असा माणूस बसवू नये. तो पेन मागेल.